करपलेला साग

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकोल्याहून परतवाड्यामार्गे सेमाडोहला गेलो होतो. पाऊस चांगला झाला होता, नाले वाहत होते, गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि तरी डोंगरच्या डोंगर तपकिरी. आधी वाटलं, वणवा लागून गेला. गाडी थांबवून पाहिलं तर सागाच्या पानांची नुसती जाळी उरलेली. सोबतच्या गाइडला विचारलं, तर तो एवढंच म्हणाला, "होतंच दरवर्षी." ही झाडं मरणार का? आणि वनखातं फवारणी का करत नाही? — एक वाचक, अकोला

उत्तर : गाइडने दोन शब्दांत उत्तर दिलंय आणि ते बरोबर आहे. मी त्याला फक्त शेपूट जोडतो.

लहानपणी आपण पिंपळाचं पान पाण्यात भिजत घालायचो. आठ-पंधरा दिवसांनी त्याचा गर कुजून निघायचा आणि शिरांची नाजूक जाळी वहीत जपून ठेवायची. सागावर तेच काम एक अळी करते, तेही पान झाडावर असताना. ती जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आणि हिरवट असते. पानावर रेशमाचा विरळ पडदा विणून त्याच्या आडोशाला राहते आणि शिरांमधला मऊ गर तेवढा खाते. मोठ्या शिराच काय, केसासारख्या बारीक शिरांनाही ती हात लावत नाही. खाऊन झालेलं पान वाळून तपकिरी होतं, पण लगेच गळत नाही, त्यामुळे सगळा डोंगर करपल्यासारखा दिसतो. शास्त्रात या किडीला युटेक्टोना मॅकेरालिस म्हणतात. आपण तिला जाळीवाली म्हणू. तिचा पतंग नखाएवढा, पिवळा, पंखांवर गुलाबी नागमोडी रेघा असलेला. एवढ्याशा देखण्या जिवाने हा उद्योग केला असेल यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. पुन्हा गेलात तर जवळच्या ऐनाकडे, धावड्याकडे, मोहाकडे पाहा. ती झाडं हिरवीच असतात. वणवा एवढा निवडून जाळत नाही.

आता मरण्याचं. झाडं मरणार नाहीत. कारण समजायला सागाचं वर्ष आपल्या कोरडवाहू शेतीसारखं धरा. उन्हाळ्यात तो उघडा-बोडका उभा असतो. वळवाच्या आसपास पालवी फुटते, मृगात ती मोठी होते आणि आषाढ, श्रावण, भाद्रपद हे तीन महिने खरी कमाई. खोड याच दिवसांत जाड होतं, आणि उरलेली साखर पिठाच्या रूपाने खोडात नि मुळांत जमा होते. दसरा-दिवाळीला सागाचं खळं झालेलं असतं, माल कोठीत पडलेला असतो. पानांचे पुढचे दोन-तीन महिने तसे रेंगाळण्याचेच, कारण हिवाळा सरता सरता साग ती स्वतःच टाकून देणार असतो. जाळीवालीचा जोर नेमका याच काळात, साधारण सप्टेंबरपासून पुढे वाढतो. पीक निघाल्यावर रानात गुरं सोडतात ना, तसंच हे. बघायला वाईट दिसतं, पण शेतकऱ्याचं त्यात फारसं जात नाही.

हे माझं अनुमान नाही. केरळात पीची इथे वन संशोधन संस्था आहे. तिथल्या के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलंबूरच्या सागमळ्यांत एक साधा पण खूप चिकाटीचा प्रयोग केला. (निलंबूर म्हणजे मलबारचा कलेक्टर कोनोली याने १८४०च्या दशकात साग लावायला सुरुवात केली, ते गाव. त्याचा मळा आजही लोक पाहायला जातात.) कोवळ्या, चार ते आठ वर्षं वयाच्या सागाच्या काही तुकड्यांना त्यांनी किडीपासून जपलं, काही तुकडे किडीच्या हवाली केले आणि खोडं मोजत राहिले. १९८५ साली निकाल प्रसिद्ध झाला. जाळीवालीमुळे झाडाच्या वाढीत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

पण याच प्रयोगात दुसरा आकडा निघाला आणि तो दचकवणारा होता. जपलेल्या सागाने हेक्टरी वर्षाला ६.७ घनमीटर लाकूड धरलं, न जपलेल्याने ३.७ घनमीटर. म्हणजे वाढीतला ४४ टक्के हिस्सा कुणीतरी खाल्ला. हा 'कुणीतरी' म्हणजे सागाची दुसरी अळी, हिब्लिया प्युएरा. जाळीवालीत नि हिच्यात मुख्य फरक वेळेचा आहे. ही पावसाच्या तोंडाशी येते, पान कोवळं लुसलुशीत असताना. पेरणी होऊन कोंब वर आलेत आणि गुरं शिवारात शिरलीत, असं डोळ्यांपुढे आणा. मग ४४ टक्के जास्त वाटत नाही.

हिला पानखाऊ म्हणू. ती जाळी वगैरे ठेवत नाही. मोठ्या शिरा सोडून पानच्या पान फस्त करते. शेंड्याचा कोंब खाल्ला गेला तर खोडाला दुबेळकं फुटतं, आणि दुबेळक्या सागाला सरळ सोटाचा भाव मिळत नाही. पानखाऊची अळी एकटीदुकटी असेल तेव्हा फिकट हिरवी दिसते आणि गर्दी झाली की काळपट. टोळासारखंच, गर्दीत रंग बदलणारं हे प्रकरण आहे. एक मादी काही शे अंडी घालते आणि अंड्यापासून पतंगापर्यंतचा सगळा प्रवास जेमतेम तीन आठवड्यांत उरकतो. सुरुवात हेक्टर-दीड हेक्टरच्या एखाद्या डागापासून होते. त्या डागातून एकाच वेळी बाहेर पडलेले पतंग थवा करून उडतात आणि पुढच्या कोवळ्या रानात उतरतात. मग पंधरवड्यात डोंगर उघडा.

अशा रानात ऐन भरात कधी उभे राहिलात तर एक गंमत ऐकू येते. आकाश निरभ्र असलं तरी खाली पाचोळ्यावर सतत टिपटिप चाललेली असते. पाऊस नसतो तो. लाखो अळ्यांची विष्ठा गळत असते. पोट भरलं की अळ्या रेशमाच्या दोऱ्याला लोंबकळत खाली उतरतात आणि पाचोळ्यात कोष करतात. अंगावर दोरे चिकटतात, केसांत अळ्या अडकतात, नवख्या माणसाची पळता भुई थोडी होते. जावा बेटावरच्या खेड्यांत मात्र लोक याच वेळी टोपल्या घेऊन जंगलात जातात. सागाखालचे कोष वेचून, तळून किंवा परतून खातात, आणि बाजारात विकतातही. आपल्याकडे अजून हे कुणी सुरू केलेलं मी पाहिलेलं नाही. मीही करणार नाही, उगाच मोठेपणा कशाला.

एवढं होऊनही साग मरत नाही. कोठीतलं पीठ मोडून तो पुन्हा पालवी काढतो. फक्त त्या वर्षी खोड जाड करायला हातात काही उरत नाही. जंगलातल्या सागाला याचं सोयरसुतक नसावं. त्याला कुठे वर्षाचा ताळेबंद द्यायचाय? ४४ टक्क्यांचं दुःख लाकूड विकणाऱ्याचं आहे.

आता फवारणी. वीस मीटर उंचीची झाडं, डोंगर-दऱ्या आणि दोऱ्याच्या पडद्याआड बसलेली अळी, एवढ्यावरूनच अडचण लक्षात येईल. केरळात आणि मध्य प्रदेशात गेल्या शतकात हवेतून औषध मारून पाहिलं गेलं. पण ते औषध अळीवर थांबत नाही. अळी खाणारे कोतवाल, सातभाई, साळुंक्या, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या, फुलांवरच्या मधमाश्या, नाल्यातले मासे, सगळ्यांच्या वाट्याला ते जातं. शिवाय डोंगर तपकिरी झालेला आपल्याला दिसतो तेव्हा बहुतेक अळ्या खाऊन-पिऊन कोषात गेलेल्या असतात. चोर गेल्यावर दार लावणं ते हेच. आणि जाळीवालीसाठी तर ते दारही कशाला लावायचं, जर घरात काही उरलंच नव्हतं?

पानखाऊवर मात्र निसर्गाचंच एक औषध आहे आणि ते भयंकर आहे. अळ्यांची गर्दी झाली की त्यांच्यात एका विषाणूची साथ पसरते. आजारी अळी मागच्या पायांवर उलटी लोंबकळते, आतून तिचं पाणी होतं, कातडी फुटते आणि ते पाणी खालच्या पानांवर सांडून पुढच्या अळ्यांना लागण होते. पीचीच्या संस्थेने हाच विषाणू वाढवून त्याची फवारणी तयार केली. तो दुसऱ्या किड्यांना, पाखरांना, माणसांना बाधत नाही. अट एकच, अळ्या अगदी लहान असताना तो पोहोचला पाहिजे, म्हणजे साथीचा पहिला डाग वेळेत सापडला पाहिजे. मळा असेल तर त्यात रोज फिरणारा माणूस लागतो. जंगलात ते कुणाला जमणार?

जाता जाता एक समज दूर करतो. 'एकाच जातीची लागवड केली म्हणून कीड आली' हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. पानखाऊच्या साथी नैसर्गिक सागवनातही येतात. स्वतः नायर यांनी उष्ण प्रदेशांतल्या वनकिडींवर २००७ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी हा प्रश्न जातीजातीप्रमाणे वेगळा तपासला आहे, सरसकट निकाल दिलेला नाही.

आणि झाड मरतं तरी कशाने, हेही विचारून टाका. पान खाणाऱ्या किडीने सहसा मरत नाही. खोड पोखरणाऱ्या किडीने मरतं. कोकणातल्या आंबेवाल्यांना 'भिरूड लागला' म्हटलं की पोटात गोळा येतो तो यासाठीच. पान हे उत्पन्न आहे, पुढच्या वर्षी पुन्हा येईल. सालीखालचा जिवंत थर म्हणजे अन्नाची वाहिनी. ती सगळीकडून तुटली की झाड उभ्या उभ्या वाळतं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मेळघाटातून पूर्वेला, सातपुड्याच्या अंगाने मंडला, बालाघाट, अमरकंटककडे गेलात की सागाचं राज्य संपून सालवृक्षाचं सुरू होतं. (मराठीत झाडही साल आणि झाडाची कातडीही साल, त्यामुळे पुढचं जरा सांभाळून वाचा.) सालवृक्षाचा शत्रू म्हणजे लांब मिशांचा एक भुंगेरा, होप्लोसेरॅम्बिक्स. मोठा नर सहा सेंटिमीटरपर्यंत भरतो. मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की हे भुंगेरे झाडांतून बाहेर पडतात, आणि मादी दुसऱ्या झाडाच्या सालीत अंडी घालते. धडधाकट झाड शिरणाऱ्या बाळअळीला राळेत बुडवून मारतं. म्हातारं, दुखावलेलं, दुष्काळाने खचलेलं झाड पुरेशी राळ काढू शकत नाही. मग अळ्या आधी सालीखालचा थर आणि नंतर थेट गाभा पोखरतात. बुंध्याशी लाकडाच्या भुशाचा ढीग साचतो आणि शेंडा वाळायला लागतो. भुंगेरे फार झाले की मात्र एकेका झाडावर इतक्या अळ्या उतरतात की धडधाकट झाडाची राळही अपुरी पडते. मंडल्याकडे १९२३ ते १९२८ या काळात अशी साथ आली आणि लाखो झाडं गेली. १९९०च्या दशकाअखेरीस ती पुन्हा आली. कीड लागलेली किती झाडं तोडायची आणि किती राखायची, यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

त्या भुंगेऱ्याला पकडायची युक्ती मात्र फर्मास आहे. पावसाळ्यात सालाची काही झाडं पाडतात, त्यांचे ओंडके करतात आणि टोकांना साल ठेचून सैल करतात. ताज्या रसाचा वास लागला की लांबलांबून भुंगेरे येतात आणि रस पिऊन ठेचलेल्या सालीखाली सुस्त पडून राहतात. गावकरी ते वेचतात आणि मुंडकी मोडून घेतात, कारण मजुरी मुंडक्यांवर मिळते. सरकारी हिशेब इथे खरोखरच डोक्यामागे असतो.

तेव्हा सेमाडोहचा साग बघून हळहळू नका. पुढच्या वेळी जूनअखेर जा. तेव्हा डोंगर उघडा दिसला तर काळजीचं थोडं कारण आहे.

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीकाठची खारफुटी सप्टेंबरात आठवडाभरात तपकिरी झाली. आमच्या सोसायटीत सगळ्यांचं मत पडलं की जागा बळकावण्यासाठी कुणीतरी विष घातलंय. खरं काय? — एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : संशय घेतलात ते चांगलं केलंत. खाडीकाठी तो घ्यावाच. पण आधी झाडांजवळ जाऊन पाहा. तपकिरी झालेली फक्त तिवरं आहेत का? शेजारचं कांदळ हिरवंगार आहे का? पानं कुरतडलेली आहेत का, अळ्या लोंबकळताहेत का, पाखरांची झुंबड उडाली आहे का? उत्तरं 'हो' असतील तर हे काम पानखाऊचं, वर सांगितलेल्या त्याच हिब्लियाचं. सागाची अळी खाऱ्या चिखलात कशी, असं वाटेल. जुन्या वनस्पतिशास्त्राने साग, निर्गुडी आणि तिवर यांना एकाच कुळात घातलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी तिवर बाहेर काढलं, त्याला वेगळ्या कुळात बसवलं. अळीला याची खबर नसावी. ती अजून तिघांनाही नातेवाईक समजून जेवायला जाते.

मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत पावसाळा सरताना हे वरचेवर होतं. काही आठवड्यांत तिवरांना नवी पालवी फुटते. अळ्यांची विष्ठा आणि पानांचे तुकडे खाडीतच पडतात, त्यावर चिखलातले जीव पोसतात, पाखरांची चंगळ होते ती वेगळीच.

कुणी भराव घालून भरतीचं पाणी अडवलं असेल, तर चित्र निराळं असतं. मग झाड जातपात बघून मरत नाही. तिवर, कांदळ सगळंच सुकतं, आणि महिना उलटला तरी एक कोंब दिसत नाही. तसं दिसलं तर फोटो काढून तारखेसकट तक्रार करा.

प्रश्न : आमच्याकडे ऐनाच्या झाडांवर लोक मुद्दाम अळ्या सोडतात, त्या झाड ओरबाडून खातात आणि त्याला कुणी कीड म्हणत नाही. असं का? — एक विद्यार्थिनी, आरमोरी

उत्तर : कारण त्या अळीच्या पोटात कोसा आहे. टसर रेशमाची ही अळी महिना-दीड महिना ऐनाची किंवा अर्जुनाची पानं खाते आणि मग कोंबडीच्या छोट्या अंड्यासारखा टणक कोष विणते. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर भागात ढिवर समाजाची कितीतरी कुटुंबं यावर जगतात. म्हणून झाड किती खाल्लं जावं, हेही तेच ठरवतात. ऐनाची झाडं छाटून हाताला येतील एवढीच ठेवतात. एका झाडाचा पाला संपत आला की अळ्यांसकट डहाळी कापून पुढच्या झाडावर नेतात, खाल्लेलं झाड मोकळं सोडतात आणि त्याला पुन्हा फुटू देतात. ऐन तेवढं सहज सोसतो.

या अळ्यांची राखण करणं हे दिवसभराचं काम. तुमच्या गावाजवळ पाहिलंच असेल, पोरंसोरं, म्हातारे गोफण नि गलोल घेऊन ऐनाखाली बसलेले असतात. वर सागाच्या बाबतीत ज्या कोतवालाची नि साळुंक्यांची मी बाजू घेतली, त्यांनाच इथे दगड बसतो.